तेवीस अंश

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी संपादकांचा फोन आला. "मॅडम, तुमच्या नोकरीतले दोन-चार किस्से लिहा ना. खून, दरोडे, असं काहीतरी. पण यार, दिवाळीचा अंक आहे, फार जड नको." संपादक माझ्या मुलाच्या वयाचा, दिल्लीतच वाढलेला, सगळ्यांनाच यार म्हणतो. मी हो म्हटलं. लिहायला बसले तेव्हा लक्षात आलं, की माझ्याकडे सांगण्यासारखा किस्सा खरं तर एकच आहे आणि तो जडच आहे. बाकीचे तोंडी लावण्यापुरते सांगते.

एकतीस वर्षं मी दिल्लीतल्या एका सरकारी प्रयोगशाळेत गुन्ह्यांमधल्या काचा तपासल्या. आम्ही तेव्हा लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टर्समध्ये राहत होतो. शेजारणींना हे काचेचं प्रकरण काही झेपत नसे. वरच्या मजल्यावरच्या बाई एकदा सरोजिनी नगरच्या बाजारातून नक्षीदार वाडगा घेऊन थेट माझ्या स्वयंपाकघरात आल्या. "वर्तक जी, ज़रा पानी में डाल के देखिए ना, असली क्रिस्टल है कि ठग लिया?" पाण्यात टाकायची गरजच नव्हती. क्रिस्टलमध्ये शिसं असतं, ते हाताला जड लागतं. मी वाडगा उचलून बघितला आणि सांगितलं, ठग लिया. बाई दोन महिने माझ्याशी बोलल्या नाहीत. खरं सांगितलं की माणसं दुरावतात, हे मला तेव्हा विनोदी वाटलं होतं.

कामाची रीत थोडक्यात सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. खिडकी फोडून घरात चोरी होते. काच फुटताना तिचे बारीक कण फोडणाऱ्याच्या कपड्यांवर उडतात. त्याला ते दिसत नाहीत, टोचतही नाहीत, शिवणीत अडकून बसतात. पोलिस ते कपडे पाठवतात आणि खिडकीत उरलेली काचही पाठवतात. प्रश्न एकच असतो, हे कण त्या काचेचे आहेत का? दिसायला सगळ्या काचा सारख्या. पण वाळू, सोडा, चुना यांचं प्रमाण भट्टीगणिक थोडं वेगळं पडतं आणि त्यामुळे काचेची घनताही थोडी वेगळी होते. रव्याएवढ्या कणाची घनता थेट तराजूवर काढता येत नाही. म्हणून तो कण आम्ही तरंगवतो.

ताजं अंडं साध्या पाण्यात बुडतं आणि मीठ घालत गेलं की वर येतं, हे प्रत्येक घरात ठाऊक असतं. आमचं शास्त्र त्याहून फार मोठं नाही. काचेला मिठाचं पाणी पुरत नाही, म्हणून दोन द्रवं घ्यायची, एक काचेहून जड आणि एक हलकं. कण टेस्ट ट्यूबमध्ये टाकायचा आणि थेंब थेंब मिसळत जायचं. एक क्षण असा येतो, की कण ना वर जातो ना खाली, मधोमध थांबून राहतो. त्या क्षणी द्रवाची आणि काचेची घनता सारखी असते. मग ते द्रव मापाच्या बाटलीत भरून वजन करायचं, की आकडा मिळतो. द्रवाला गोडसर वास असतो. संध्याकाळी डोकं धरून घरी यायचं आणि तरी कणीक मळायची, हे एकतीस वर्षं चाललं.

मला हे काम भट्टाचार्य सरांनी शिकवलं. त्यांचा एकच हट्ट होता. "पहले दोनों को साथ में डालो. नंबर तो बाद की बात है." म्हणजे कपड्यावरचा कण आणि घटनास्थळाची काच, दोन्ही एकाच वेळी एकाच द्रवात टाकायची. दोन्ही शेजारी थांबले तर जुळले. एक वर आणि एक खाली गेला तर नाही. सरांच्या हट्टाला कारण होतं. हे द्रव उष्णतेनं सैल पडतं, हलकं होतं. गारव्यात आकसतं, जड होतं. एका अंशानंसुद्धा तिसऱ्या दशांश स्थळावर फरक पडतो आणि आमचा सगळा निवाडा त्या तिसऱ्या स्थळावरच असतो. दोन्ही कण एकाच द्रवात असले, की जे काही होईल ते दोघांनाही सारखंच. तरीही रजिस्टरमध्ये तापमानाचा एक रकाना होता. आमच्या खोलीचा एसी तेवीसवर लावलेला असे. मी त्या रकान्यात वर्षानुवर्षं तेवीस लिहीत आले.

पार्सलं कशी कशी यायची! एका ठाण्यानं खिडकीची काच मिठाईच्या डब्यातून पाठवली होती. सील नीट, सही नीट, आत काचेबरोबर मुंग्यांची रांग. एकदा कोर्टात बचावाचे वकील साहेब हसून म्हणाले, "मैडम, काँच तो डूबता है. आप उसे तैराती कैसे हैं?" मी न्यायाधीशांची परवानगी घेतली, पर्समधून सीलबंद ट्यूब काढली आणि दाखवली. आत दोन तुकडे शेजारी शेजारी तरंगलेले. न्यायाधीश खुर्चीतून पुढे वाकून बघत राहिले. त्या दिवशी मी ऑटोत बसून घरापर्यंत एकटीच हसत होते. आपल्या हातून चूक होत नाही, असं मला त्या वर्षांत मनापासून वाटायचं.

आता ती केस. एका एप्रिलमध्ये कापडात शिवलेलं, लाखेचं सील लावलेलं पार्सल आलं. आत एका मुलीचा कुर्ता आणि ओढणी. दिल्ली कँटच्या रस्त्यावर तिच्या स्कूटीला टेम्पोनं उडवलं होतं, मुलगी जागीच गेली होती आणि टेम्पो पळून गेला होता. सोबतच्या पत्रात नाव होतं, प्राजक्ता जगताप, वय एकोणीस, वडील सैन्यात सुभेदार. आमच्याकडे पार्सलचा नंबर वाचायचा असतो, नाव वाचायचं नसतं. मी नाव वाचलं. हिंदीतल्या त्या पत्रात ते मराठी नाव बघून मला कसंतरीच झालं. हिची आई हिला प्राजू म्हणत असेल, असं मनात आलं आणि मग ते जाईना.

रस्त्यावर पडलेल्या काचा कोणी उचलल्याच नव्हत्या. पंचनामा व्हायच्या आत झाडूवाल्यानं रस्ता साफ केला होता. राहिलं ते कपड्यांवर. दोन दिवस सूक्ष्मदर्शकाखाली ओढणीचा वीतभर वीतभर भाग बघत गेले. बाकी सगळा काचेचा भुगा होता, पण ओढणीच्या विणीत एक स्वच्छ कण सापडला. तो तरंगवला, आकडा घेतला. तापमान तेवीस, आणि त्या दिवशी ते खरोखरच तेवीस होतं. कण वाळवून डबीत घातला आणि कपाटात कुलूपबंद केला.

जूनमध्ये कॅमेऱ्यातल्या अर्ध्यामुर्ध्या नंबरावरून पोलिसांनी एक जुना टेम्पो शोधला. पुढचा एक दिवा फुटलेला. ड्रायव्हर म्हणत होता, गोदामाच्या फाटकाला लागून फुटला. नव्या गाड्यांचे दिवे प्लास्टिकचे असतात, पण या जुन्या टेम्पोचा काचेचाच होता. दिव्याच्या कडीत अडकून राहिलेली काच माझ्याकडे आली. टेम्पोविरुद्ध दुसरा ठोस पुरावा नव्हता.

सरांच्या नियमाप्रमाणे ओढणीतला कण पुन्हा बाहेर काढून दिव्याच्या काचेबरोबर टाकायला हवा होता. मी डबी उघडली आणि त्या कणाकडे बघत बसले. आदल्या वर्षी असाच एक कण वाळवताना माझ्या हातून उडाला होता. टॉर्च घेऊन दोन तास फरशीवर रांगले होते, सापडला नाही. लेखी खुलासा द्यावा लागला होता. आणि हा तर एकुलता एक कण. हाही हरवला तर त्या मुलीच्या बाजूनं बोलायला जगात काहीच उरणार नाही, असं मला वाटलं. मी डबी बंद केली. एप्रिलचा आकडा आहेच, त्याच्याशी दिव्याचा आकडा ताडून बघू, असं ठरवलं. आयुष्यात पहिल्यांदा सरांचा नियम मोडला, तो आपल्या माणसांची पोर म्हणून, तिचा कण जपायच्या नादात.

त्या जूनमध्ये आमच्या खोलीचा एसी बंद पडला होता. द्रवाची वाफ वाईट, म्हणून एक्झॉस्ट तेवढा चालू, बाकी खोलीची भट्टी. तराजूची खोली मात्र गार होती, कारण तराजूला एसी लागतोच. माणसांचं चालतं. मी दिव्याचा तुकडा गरम खोलीत तरंगवला आणि द्रव घेऊन तराजूच्या खोलीत गेले. तिथे एक सहकारी वजनं करत होते. मी अर्धा तास थांबले. खरं सांगायचं तर ते थांबणं मला बरंच वाटलं, पदरानं वारा घेत गारव्यात उभी होते. हातातलं द्रव तेवढ्यात गार झालं, आकसलं, जड झालं. तेच मी बाटलीत भरलं आणि वजन केलं. आकडा एप्रिलच्या आकड्यापेक्षा बराच जास्त आला.

परत आपल्या खोलीत येऊन रजिस्टर भरलं. घाम कागदावर टपकू नये म्हणून मनगटाला रुमाल गुंडाळला होता. तशाच हातानं मी तापमानाच्या रकान्यात तेवीस लिहिलं.

रिपोर्ट गेला. दोन्ही काचा एकाच उगमाच्या नाहीत.

सप्टेंबरात गेटवरून फोन आला, कोणी सुभेदार जगताप भेटायला आलेत. पांढरा शर्ट, ताठ बांधा, हातात पेढ्यांचा बॉक्स. रिपोर्टाखाली मराठी नाव वाचून मंडळाच्या गणपतीत त्यांनी माझी चौकशी केली होती. मी त्यांना गेटजवळच्या बाकावर बसवलं.

"मॅडम, मी ठाण्यात त्या ड्रायव्हरच्या दोन कानाखाली मारल्या होत्या," ते म्हणाले. "पोरीचा बाप म्हणून पोलिसांनी पण अडवलं नाही. मनात तर त्याच्या पुढचंच होतं. लपवत नाही तुमच्यापासून. मग तुमचा रिपोर्ट आला. तो सुटला, आणि मी पण सुटलो बघा."

"तुम्ही कसे सुटलात?"

"पहाडगंजला खोली आहे त्याची. जाऊन माफी मागून आलो. एका निर्दोष माणसाचं वाटोळं झालं असतं माझ्या हातून. तुमच्यामुळं टळलं. तेव्हापासून झोप लागतेय. प्राजूची आई गावाकडं आहे, तिला पण फोन करून सांगितलं, तो नव्हता म्हणून."

प्राजूच म्हणत होते. मी पेढे घरी आणले, देवापुढे ठेवले, आम्ही दोघांनी खाल्ले. रात्री यांना म्हटलंसुद्धा, इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणी आभार मानायला आलं. मला अभिमान वाटत होता.

डिसेंबरात आमचे विभागप्रमुख सिन्हा साहेब एक कागद घेऊन आले. एसी नेमका किती दिवस बंद होता, ते ऑडिटला रजिस्टरवरून पडताळून हवं होतं. मी जूनचं पान उघडलं. साहेब माझ्या खांद्यावरून वाचत होते आणि हसायला लागले. "मैडम, आपके रजिस्टर में तो एसी कभी बंद हुआ ही नहीं!" पानभर तेवीस, तेवीस, तेवीस. मीही हसले. हसता हसता बोट एका ओळीवर आलं आणि मला दरदरून घाम फुटला, डिसेंबरात. बाकीच्या सगळ्या ओळींमध्ये दोन्ही कण एकाच द्रवात टाकलेले होते, तिथे तापमान काहीही असतं तरी बिघडत नव्हतं. फक्त या एका ओळीत दिव्याचा तुकडा एकटा होता.

पार्सल अजून आमच्याच गोदामात होतं. केस संपली की पोलिसांना नेण्याची घाई नसते. सील पुन्हा उघडायला साहेबांची सही हवी होती.

"रिपोर्ट जा चुकी है, मैडम. कोर्ट ने तो कुछ पूछा नहीं. आप खुद से क्यों पूछ रही हैं?"

"सर, मैंने गलत लिखा है."

"एक को छेड़ेंगी तो जून की सारी रिपोर्टें खुलेंगी. लैब के नाम का सोचिए."

माणूस वाईट नव्हता, निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. मी जूनची प्रत्येक ओळ तपासून, कुठे बाधा येते आणि कुठे नाही, हे लिहून दिलं. तीन आठवडे फाइल त्यांच्या टेबलावर पडून होती. मग एके दिवशी त्यांनी सही केली.

जानेवारीत डबी उघडली. यावेळी भिंतीवरच्या एसीकडे नाही, द्रवात बुडवलेल्या थर्मामीटरकडे बघितलं. एकवीस. तोच आकडा लिहिला. ओढणीतला कण टाकला, दिव्याचा तुकडा टाकला. दिव्याचा मुद्दाम मोठा घेतला होता, दोघांतला ओळखू यावा म्हणून. थेंब थेंब मिसळत गेले. दोन्ही हळूहळू खालून उठले आणि एकाच उंचीवर येऊन थांबले. मी ट्यूबला टिचकी मारली. दोन्ही हलले आणि पुन्हा शेजारी येऊन उभे राहिले. मी स्टुलावर बसले आणि रडले. कण मात्र हरवला नाही. वाळवला, डबीत घातला. जूनमध्येही हरवला नसता.

सुधारित रिपोर्ट पाठवला. ठाण्याकडून उत्तर आलं, की आरोपीला कोर्टानं सोडलेलं आहे, टेम्पो मालकाला परत दिला होता आणि त्यानं तो भंगारात काढला, ड्रायव्हर खोली सोडून गेला, गावाचा पत्ता मिळत नाही, पुढील कारवाई विचाराधीन आहे. माझ्याकडून लेखी खुलासा मागवला गेला. तो मी दिला. मला ताकीद मिळाली. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

सुभेदारांना कळवा असं मला कोणी सांगितलं नव्हतं. उलट नियम असा, की आम्ही पक्षकारांशी बोलायचं नाही. घरी यांचंही म्हणणं तेच होतं. "त्यांचं मन शांत झालंय ना? मग कशाला?" मी पंधरा दिवस विचार केला. त्यांनी माझ्या शब्दावर एका माणसाची माफी मागावी, वर माझे आभार मानावेत, आणि मी गप्प बसावं, हे मला जमेना. फेब्रुवारीतल्या एका रविवारी नव्या नोंदीची प्रत पर्समध्ये घालून कँटला त्यांच्या घरी गेले.

दार त्यांनीच उघडलं. "अरे मॅडम! या, या. बसा." भिंतीवर मुलीचा फोटो, त्याला ताजा हार. त्यांनी आतून पाणी आणलं. मी पाण्याला हात न लावता सगळं सांगितलं. एसी, गरम खोली, गार खोली, तेवीस. सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, "म्हणजे तोच टेम्पो?"

"तोच, असं काच सांगत नाही, सुभेदार साहेब. तसल्या काचेचे दिवे पुष्कळ गाड्यांना असतात. तो असू शकतो, एवढंच म्हणता येतं. पण तो नव्हताच, असं जे मी लिहिलं होतं, ते चूक होतं."

"असू शकतो," ते म्हणाले. "मी त्याच्या खोलीवर गेलो होतो ना, तेव्हा त्यानं मला चहा दिला. कप देताना हात एवढा थरथरत होता, की निम्मा बशीत सांडला. मला वाटलं, माझ्या माराची धास्ती घेतलीय बिचाऱ्यानं. मला लाज वाटली, मॅडम. मी त्याचे पाय धरले."

मी माफी मागितली. त्यांनी ती घेतली नाही आणि नाकारलीही नाही.

"तुम्ही सांगितलं नसतं तरी मला कळलं नसतं," ते म्हणाले.

"हो."

"आता तिच्या आईला काय सांगू?"

मी पर्समधून कागद काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागले, ओळीखाली बोट धरून. पार्सल नंबर, तारीख, द्रव, आकडा. तापमानाच्या रकान्यावर त्यांचं बोट थांबलं.

"एकवीस," त्यांनी वाचलं. मग माझ्याकडे बघितलं. "हे बघून लिहिलंय ना, मॅडम?"

"हो," मी म्हटलं. "हे बघून लिहिलंय."